सुनेचा कोळी आणि मधली खोली

लग्न ठरत असताना मुलाने आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की तिच्याकडे एक लहानसं पाळीव जनावर आहे आणि ते ती सोबत आणणार आहे. आवाज करत नाही, घरभर फिरत नाही, केस गळत नाहीत, खातंही आठवड्यातून एकदाच. ते कासव असणार असं आमच्या ह्यांनी जाहीर करून टाकलं आणि कासव घरात असलं की बरकत येते म्हणून ते खूषही झाले. मी विचारलं, "कासवाला केस कुठून आले रे?" तर मुलगा फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात लग्न झालं. पाहुणे पांगले, सत्यनारायण उरकला, आणि मग एका सकाळी सुनेचा भाऊ धुळ्याहून गाडी घेऊन जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी आला. एसी लावलेला आणि मागच्या सीटवर उशांच्या मधोमध एक काचेची पेटी. पेटीत तळाला नारळाचा भुसा, एक पालथं घातलेलं अर्धं मडकं, पाण्यासाठी बाटलीचं झाकण. आणि मडक्याच्या तोंडाशी माझ्या तळहाताएवढा काळा, केसाळ कोळी. टॅरंट्युला म्हणतात त्याला, हे मला त्या दिवशी कळलं. कोळी म्हणजे मादी होती, म्हणून मी तिला बाईसाहेब म्हणायला लागले. पुढे सगळेच म्हणायला लागले.

केस गळत नाहीत हे तर साफ खोटं निघालं. बाईसाहेब चिडल्या की मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतात आणि ते अंगाला लागले की खाज सुटते, असं सुनेने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मुलगा तेव्हा गाडीतलं सामान उतरवत होता, फारच मन लावून.

सून म्हणाली, "आई, ही कॉलेजपासून माझ्याजवळ आहे. जात परदेशी, पण जन्म इथलाच, वनखात्याकडे नोंद केलेली आहे. अजून खूप वर्षं जगेल. पण तुम्हाला घरात नको वाटली तर सांगा, मी धुळ्याला, देवपूरच्या घरी परत पाठवते. मला राग येणार नाही."

राग येणार नाही, हे खरं होतं. पण ती पेटी परत गेली असती तर ही मुलगी आमच्या घरात पुढे कायम पाहुण्यासारखी राहिली असती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. मला ते कळायचं कारण आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं शिलाई मशीन सोबत आणलं होतं. "ठेवू कुठेतरी, बघू" असं म्हणत ते माळ्यावर गेलं आणि मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत तिथेच राहिलं. तेवढी वर्षं मला सासर म्हणजे लॉज वाटायचं. म्हणून मी म्हटलं, राहू दे. मनात म्हटलं, राहू दे, पण माझ्यापासून लांब.

आता प्रश्न जागेचा. आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर दिव्यांचं वेड लागलेलं. हॉलच्या छताला पीओपी करून घेतलंय, त्यात रंग बदलणाऱ्या पट्ट्या, आणि रिमोट झोपतानाही उशाशी असतो. त्यांनी सुनेची वाटही न बघता शोकेसचा वरचा कप्पा रिकामा केला, काचेचा गणपती खाली सरकवला, पेटी वर ठेवली आणि मागे निळी पट्टी लावली. मग शेजाऱ्यांना बोलावून आणलं. बाईसाहेब मडक्याखाली गेल्या त्या बाहेरच येईनात. शेजारी चहा पिऊन म्हणाले, "मडकं छान आहे."

संध्याकाळी सून बँकेतून आली आणि चप्पल काढायच्या आधी तिने ती पट्टी बंद केली. मग सासऱ्यांना शांतपणे समजावलं. ह्या जातीला दिवा लागत नाही. खोलीत दिवसा जेवढा उजेड येतो तेवढा पुरे, त्यावरच तिला दिवस आणि रात्र कळते. झगझगीत उजेड पडला की ती लपून बसते, खात नाही, आणि पट्टीने काच तापते ते वेगळंच. दुसरं म्हणजे उंची. तिच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते की हातभर उंचीवरून पडली तरी फुटू शकते. शोकेसचा वरचा कप्पा म्हणजे तिच्यासाठी गच्चीचा कठडाच.

"मग लोकांना दाखवायची कशी?" हे म्हणाले.

"दाखवायचीच नाही, बाबा."

घरात एखादी वस्तू आहे आणि ती कोणाला दाखवायची नाही, हे ह्यांच्या डोक्यात शिरेना. ते दोन दिवस रुसले आणि रुसव्यात त्यांनी हॉल हिरवा करून ठेवला.

पुढचा प्रस्ताव माझा होता. गॅलरी. मोकळी हवा, आणि माझ्यापासून चांगली लांब. सुनेने एक रिकामी काचेची बरणी घेतली, आत थर्मामीटर ठेवला आणि झाकण लावून ती गॅलरीत ठेवून दिली. थोड्या वेळाने मला आणून दाखवली. बाहेर जळगावचा मे महिना होताच, पण बरणीच्या आत त्याच्याही वर पारा गेलेला. काचेत ऊन कोंडतं. तिथे बाईसाहेबांना ठेवणं म्हणजे कुरडया वाळत घालण्यासारखं झालं असतं.

मग आम्ही दोघी थर्मामीटर घेऊन घरभर हिंडलो. कूलरसमोर नको, कारण आमचा कूलर जुना, तो चालू झाला की फरशी थरथरते आणि ओला वारा थेट पेटीवर. कोळ्याला कान नसतात, पायांनीच त्याला सगळं कळतं, त्यामुळे थरथर म्हणजे त्याच्या डोक्याशी कोणीतरी ढोल वाजवावा तसं. स्वयंपाकघरात फोडणी आणि झुरळांचा फवारा. देवघरात उदबत्ती. (तिथे मी ठेवूही दिलं नसतं.) धान्याच्या खोलीत नुकताच वर्षाचा गहू भरलेला आणि त्यात किडीच्या औषधाच्या पुड्या. जे औषध किड्यांना मारतं ते कोळ्याला कसं सोडेल? मुला-सुनेची खोली पश्चिमेची, तिची भिंत संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते आणि तिथे डासांचं मशीन कायम लावलेलं.

उरली मधली खोली. बाहेरची एकही भिंत नाही, खिडकी नाही, घरातल्या बोळातून येईल तेवढा उजेड. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड जागा. दुपारी जेवण झालं की मी चटईवर आडवी होते ती त्याच खोलीत. थोडक्यात, माझी खोली.

सून माझ्याकडे बघत होती. मी थर्मामीटरकडे बघत होते. शेवटी मी म्हटलं, "ठेव. पण झाकणाला चिमटा लाव."

भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा, साधारण गुडघ्याच्या उंचीचा, मी रिकामा करून दिला. जमिनीवर नको, तिथे झाडू आणि पाय लागतात, आणि मुंग्या. मुंग्यांचं नाव काढल्याबरोबर मी दुसऱ्या दिवशी, सून कामावर गेल्यावर, प्रेमाने मुंग्यांच्या खडूने कप्प्याभोवती छान जाड रेघ ओढली. प्रत्येक घरात ओढतात तशी. तिने संध्याकाळी येऊन ती बघितली आणि तिचा चेहरा असा झाला की मलाच धडकी भरली. पेटी उचलून आधी बाहेर, मग ओल्या फडक्याने तीनदा पुसणं, मग हात धुणं. रागावली नाही. पण त्या रात्री ती नीट जेवली नाही. पेटीखाली पाण्याची ताटली आणि तिच्यात उलट्या वाट्या, ही दूधदुभत्याला करतो ती युक्ती मग मी सुचवली आणि ती पसंत पडली.

अशा आम्ही दोघी, मी आणि बाईसाहेब, दुपारच्या सोबतिणी झालो. सुरुवातीला मी पाठ करून झोपायचे. मग वाटलं, पाठ करणं जास्त धोक्याचं, म्हणून तोंड करून झोपायला लागले. दिवेलागणीला त्या मडक्याबाहेर यायच्या, एकेक पाय पुढे टाकत, एखाद्या म्हाताऱ्या बाईने ओल्या फरशीवर चालावं तशा जपून. झाकणातलं पाणी प्यायच्या. काही करायच्या नाहीत, काही मागायच्या नाहीत. खोलीतली ट्यूब लावायची माझी सवय गेली. दार आपटायची ह्यांची सवय गेली, जी मला तीस वर्षांत घालवता आली नव्हती. मला त्या आवडायला लागल्या होत्या, हे मी कोणाला सांगितलं नाही. खोटं कशाला, सुनेला सांगितलं.

श्रावण लागला आणि बाईसाहेबांनी खाणं सोडलं. आमचे हे म्हणाले, "सोमवार धरले असतील." पोटावरची केस झडलेली जागा मात्र जास्तच काळी पडत चाललेली. सून म्हणाली, कात टाकणार आहे, आज की पंधरा दिवसांनी ते सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, धुळ्याजवळच्या आमच्या गावी राहतात आणि अहिराणीच बोलतात. आमच्या भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा. ह्या वर्षी कानबाई जळगावला, तुमच्याकडे बसवायची, असं त्यांनी कळवलं. विचारलं नाही, कळवलं.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाची घरात येणारी देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी पिढीजात नारळाला नथ-लुगडं नेसवून चौरंगावर बसवायची, सगळे भाऊबंद एकत्र येतात, घरभर दिवे, रात्रभर गाणी आणि फुगड्या, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. आमच्याकडे जेव्हा जेव्हा कानबाई बसली तेव्हा ती मधल्या खोलीत बसली. त्याच भिंतीशी. त्याच कपाटासमोर. मे महिन्यात थर्मामीटर घेऊन हिंडताना श्रावण माझ्या डोक्यातच आला नव्हता.

मी काही बोलायच्या आत सुनेला कळलं. तिने भावाला फोन केला, रविवारी सकाळी लवकर ये, पाहुणे यायच्या आधी पेटी घेऊन जा. मी दारातच उभी होते.

"दोन दिवसांपुरतीच ना?" मी विचारलं.

"बघू, आई," ती म्हणाली.

हे 'बघू' मला माहीत होतं. माळ्यावर गेलेल्या वस्तूंबद्दल ते म्हणतात. पण अक्कांना फोन करून सांगायची हिंमत काही झाली नाही.

रविवारी सकाळी मी झाडू घेऊन मधल्या खोलीत गेले आणि जोरात ओरडले. बाईसाहेब पाठीवर पडल्या होत्या, आठही पाय वर. सून धावत आली, एकदा बघितलं आणि माझं मनगट धरलं. "मेली नाही. कात टाकतेय. आई, आता हिला काही म्हणजे काहीच करायचं नाही. उजेड नको, धक्का नको. आत्ता पेटी हलली तर जुन्या कातड्यात पाय अडकतील आणि ती मरेल."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत तरी."

तेवढ्यात दारात दोन गाड्या थांबल्या. एक तिच्या भावाची, उशांसकट. दुसरी अक्कांची. अक्का नेहमी ठरल्या वेळेच्या आधीच येतात, हे मी विसरले होते.

अक्का मांडीवरचा कानबाईचा नारळ छातीशी धरून तडक मधल्या खोलीच्या दारात आल्या. त्यांच्या मागे दोन जावा चौरंग घेऊन. अक्कांनी आत पाहिलं.

"अंधार काबर करेल शे व? कानबाई उनी नि लाइट बंद?" आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

सून कपाटासमोर जमिनीवर बसली होती. ती उठली नाही. नव्या सुनेने अक्कांसमोर बसून राहणं आमच्याकडे होत नाही. ती म्हणाली, "अक्का, दिवा लावू नका. इथे माझा कोळी आहे, पाळलेला. कात टाकतोय. आत्ता हलवला तर मरेल. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मग माझा भाऊ त्याला धुळ्याला घेऊन जाईल. परत आणणार नाही."

परत आणणार नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "अक्का, तिला इथे मी ठेवून घेतलं. तिला काही बोलू नका."

अक्कांनी नारळ माझ्या हातात दिला. गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि बोळातून येणाऱ्या उजेडात पेटीत वाकून पाहिलं. "मरी गयं ते, माय," त्या म्हणाल्या.

"नाही अक्का. बघा."

आम्ही बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पाय, अगदी टोकाशी, जुन्या कातड्यातून ओलसर आणि फिक्कट असा थोडासा सरकला. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"वावरमा जनावर कात टाकत व्हई ते आम्ही औत वळाई लेतस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. अशा वेळी शेतात औतही वळवून नेतात. मग दाराकडे वळून, "चौरंग हॉलमा मांडा."

मीच बावळटासारखी म्हटलं, "अक्का, पण कानबाई तर दरवेळी इथेच..."

"कानबाई बठ्ठा घरनी शे. घरमा कोठे बी बसी. हाई बिचारीले आते हालता येत नही."

कानबाई सगळ्या घराची, विषय संपला. सगळ्यात जास्त आनंद आमच्या ह्यांना झाला. कानबाई हॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या दिव्यांखाली! चौरंग टेकायच्या आत त्यांनी निळी पट्टी लावली. अक्कांनी ह्यांना चड्डीत असल्यापासून पाहिलंय, त्यामुळे भीडभाड नाही. "ते निळं बंद कर रे. कानबाई बसाडी ऱ्हायनूत का हॉटेल टाकी ऱ्हायनूत?" ह्यांनी पट्टी बंद केली आणि समया लावल्या.

त्या दिवशी अक्कांनी जो बंदोबस्त ठेवला तसा मी आयुष्यात पाहिला नाही. बँडवाल्यांना गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. फुगड्या गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला. बोळात चप्पल घालून कोणी आलं की अक्कांची नजर. बायका जमायला लागल्या, गाण्याचा सूर चढायला लागला, तेव्हा त्या उठून म्हणाल्या, "हळू व बायासहोन, खोलीमा बाळंतीण शे."

सगळ्या बायका एकदम वळून माझ्या सुनेकडे बघायला लागल्या. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. सून लाल झाली, मुलगा गच्चीवर पळाला, आणि मी इतकी हसले की नैवेद्याच्या पुरणात वेलदोड्याची पूड दोनदा पडली.

दिवेलागणीच्या सुमारास सुनेने मला खुणेने बोलावलं. बाईसाहेब सुलट्या होऊन पायांवर उभ्या होत्या. नव्या, लुसलुशीत, मखमली काळ्या. शेजारी जुनं कातडं पडलेलं, आठही पायांसकट, जसंच्या तसं. माझी सून पाठवणीला रडली नव्हती. तेव्हा मी मनात म्हटलंही होतं, आजकालच्या मुली. ती आता तिथे बसून हमसून रडली. मीही रडले. का, ते मला विचारू नका, एका कोळ्यासाठी रडले.

भाऊ दिवसभर हॉलमध्ये ताटकळत बसला होता. त्याला त्या रात्री कोणी जाऊ दिलं नाही.

सोमवारी विसर्जन करून आलो आणि अक्का रोट वाटायला बसल्या. रोट हा कानबाईचा प्रसाद. आमच्यात तो फक्त घरच्यांनीच खायचा, कुळाच्या बाहेर कणही द्यायचा नाही. लेक लग्न होऊन गेली की तिलाही नाही, सून आली की तिला मात्र हक्काचा. अक्कांनी पहिला तुकडा माझ्या सुनेच्या हातावर ठेवला. भावाच्या ताटात पुरणपोळ्यांची चळत होती, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी होती, खीर होती, रोट नव्हता. त्याने वाईट वाटून घेतलं नाही, त्याच्याही घरी हीच रीत.

हात धुवून तो बहिणीला म्हणाला, "मग मी न्यायला कधी येऊ?"

सुनेच्या हातात रोट तसाच. तिने अक्कांकडे पाहिलं.

"काय न्यावाले?" अक्कांनी विचारलं.

"ते... कोळी," भाऊ म्हणाला.

अक्का पुढचा तुकडा मोडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "पोऱ्या, रोट तुले भेटाव नही, नि ते जनावर बी भेटाव नही. दोन्ही घरनं शे."

सुनेने रोट तोंडात टाकला. खूप वेळ चावत राहिली.

एरवी भाऊ परत जायला निघाला की ती त्याच्यासोबत पार कोपऱ्यापर्यंत जायची, गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायची आणि मग घरात येऊन बराच वेळ कोणाशी बोलायची नाही. त्या दिवशी तिने दारातूनच "सावकाश चालव" म्हटलं आणि पदर खोचत आत वळली. चौरंग धुवायचा होता, समया घासायच्या होत्या, भांड्यांचा ढीग होता. मी बादली उचलायला गेले तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"आई, रात्रभर जागल्यात तुम्ही. जा, आडव्या व्हा मधल्या खोलीत. आणि ट्यूब लावायची नाही, सांगून ठेवते."

माझ्याच घरात, माझ्याच खोलीत मला दरडावते! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी गेले आणि अंधारात गुपचूप आडवी झाले.